मुलगी बाहेर दिली; घर कोणी पाहिलं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या एका लहान गावच्या सरपंच आहेत. वय ३४, महिला राखीव जागेवर पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत गावातल्या तीन मुलींची लग्नं राजस्थान आणि हरियाणात झाली. तिन्ही सोयरिकी ताईंच्या नवऱ्याच्या चुलत काकूंनी जुळवल्या. लग्नाचा खर्च मुलाकडच्यांनी केला, वर मुलीच्या बापाच्या हातावर रोख रक्कमही ठेवली. पहिली मुलगी "बरी आहे असं कळते". दुसरीचा फोन कधीमधी येतो, पण नवऱ्याच्या मोबाईलवरून आणि स्पीकर लावून. तिसरी बारावीत शिकत असताना गेली. दिवाळीपासून तिचा फोन बंद आहे आणि सासरचा पत्ता कोणाकडेच नाही, "जयपूरच्या पुढं कुठंतरी" एवढंच काकू सांगतात. आता चौथीची बोलणी सुरू आहेत. ती १९ वर्षांची आहे, बाप भूमिहीन, डोक्यावर मायक्रोफायनान्सचं कर्ज. ताईंनी विषय काढला तर "गरिबाच्या पोरीचं कल्याण झालं, तुमच्या पोटात काहून दुखते?" असं ऐकावं लागलं. पोलिसांत गेलं तर गावाचं नाव पेपरात येईल, मग बाकीच्या मुलींना स्थळं येणार नाहीत, अशी गावाची भीती. काही सदस्यांनी तोडगा काढला आहे: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा की अविवाहित मुलींनी कामासाठी गावाबाहेर जायचं नाही आणि मोबाईल वापरायचा नाही. ताई विचारतात, "हा ठराव मांडू का? काकूंचं काय करू? आणि मुलगी सज्ञान असेल, आईबाप राजी असतील, तर यात गुन्हा तरी कोणता?"

सरपंचताई,

तुमच्या पत्रात काकू आहेत, बाप आहेत, सदस्य आहेत, गावाचं नाव आहे. पण मी अडकले ते "जयपूरच्या पुढं कुठंतरी" या तीन शब्दांपाशी. ज्या गावात शेळी हरवली तरी कोणाच्या वावरात गेली हे संध्याकाळपर्यंत कळतं, त्या गावाला आपली एक मुलगी कुठल्या जिल्ह्यात आहे हे ठाऊक नाही.

आपल्याकडे मुलगी द्यायची म्हटली की आधी घर पाहायला जातात. चार माणसं जातात, त्यात एक म्हातारा हमखास असतो. विहिरीला पाणी किती, सातबारा कोणाच्या नावावर, मुलगा पितो का, आधीची सून का गेली, हे सगळं शेजारीपाजारी विचारून येतात. लग्न झालं की भाऊ मूळ घेऊन जातो. सणाला मुलगी येते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. या रीती आपण मानपानाच्या समजतो आणि त्यांना नावंही ठेवतो. पण नीट बघा, त्यातली प्रत्येक रीत माहेरचा एक माणूस त्या घरात पाठवते. मुलगी खाते काय, निजते कुठे, अंगावर वळ आहेत का, हे त्याच्या डोळ्यांना दिसतं. तुमच्या तिन्ही मुलींच्या लग्नात नेमक्या याच रीती गाळल्या गेल्या. एवढ्या लांब कोण जाणार, भाडं कोण देणार, पाहुणे सगळंच करतायत तर आपण नाट कशाला लावा, असं झालं असणार. हे आपोआप घडत नाही. मुलगी विकायची असेल तर माहेरची ही वाट पहिल्यांदा तोडावी लागते.

म्हणून मी तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलते. काकूंचं काय करायचं, ठराव मांडायचा का, हे नंतर. आधी तिसरी मुलगी.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की ती बारावीत होती. तिचं वय तेव्हा किती होतं? शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बघा. जन्माची नोंद तर तुमच्याच ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. लग्नाच्या दिवशी तिला १८ पूर्ण झालेली नसतील, तर "आईबाप राजी होते" या वाक्याला काही किंमत उरत नाही. अल्पवयीन मुलीला फसवून किंवा पैशाच्या बदल्यात लग्नाला उभं केलं असेल, तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. आणि १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं ठाऊक असूनही न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली आपला स्वतःचा गुन्हा होतो. तुम्हाला घाबरवायला मी हे सांगत नाही. "गप्प राहिले तर निदान माझ्यावर काही येणार नाही" हा आडोसा तुमच्या मनात कुठे असेल तर तो काढून टाकावा, एवढ्यासाठीच.

तिच्या आईला आज-उद्याच भेटा, एकट्या भेटा. बापापेक्षा आई लवकर बोलेल, कारण फोन बंद लागतो तेव्हा रात्री जागी तीच असते. तिच्याजवळ काय काय आहे ते गोळा करा. लग्नाचे फोटो, मुलाकडच्यांचे जुने-नवे सगळे नंबर, शेवटचा फोन कोणत्या तारखेला आला, कोणत्या गाडीने गेले, स्टॅम्पपेपरवर काही लिहून घेतलं होतं का, पैसे कोणी कोणाला दिले. कागद नसेल तर तिच्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. मग आईला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा, आणि जाताना लेखी अर्ज न्या.

लेखी अर्जाचा मी एवढा आग्रह धरते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका आईबरोबर मी एका ठाण्यात बसले होते. समोरचा माणूस वाईट नव्हता, पण पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "बाई, पोरगी सासरी गेली ना? मग हरवली कुठं?" त्या माउलीला एवढंच सांगता येत होतं की तिचा फोन लागत नाही. दोन तास बसून आम्ही परत आलो. पुढच्या वेळी अर्जात स्वच्छ लिहिलं: मुलगी अल्पवयीन होती, पैसे देऊन संमती घेतली, लग्नाच्या नावाखाली परराज्यात नेलं, पत्ता खोटा दिला, संपर्क तोडला. त्या शब्दांनी कागद हलला. तुम्हीही असंच लिहा, मात्र जे खरं असेल तेवढंच. "आमची हद्द नाही" असं म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. तरीही टाळलं तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. पोलीस दलात अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, त्याचं नाव अर्जात लिहायला विसरू नका. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि मानवी व्यापारात सापडलेल्यांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांचा फोन १५१००.

आता तुमचा कायद्याचा प्रश्न. सज्ञान मुलगी, राजी आईबाप, मग गुन्हा कोणता? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ बघा (आधी हेच भारतीय दंडविधानाचं कलम ३७० होतं). शोषणासाठी माणसाला नेणं, पाठवणं, ठेवून घेणं हा गुन्हा. तो धाकाने होतो, फसवून होतो, आणि आमिष दाखवूनही होतो. त्या आमिषात हेही येतं की ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवली. बापाच्या हातावर ठेवलेली रोख रक्कम तुम्हाला आठवली असेल. पुढे कायदा सरळ म्हणतो की गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घ्यायची नाही. कमीत कमी शिक्षा सात वर्षं, पीडित १८ च्या आतली असेल तर दहा.

पण परराज्यात झालेलं प्रत्येक लग्न म्हणजे विक्री, असंही आपण धरून चालायचं नाही. विदर्भातल्या मुली लांब जाऊन सुखाने नांदल्याही आहेत. लग्नाच्या आड शोषण आहे का, हे तपासात ठरतं. ते ठरवायचं ओझं तुमच्या डोक्यावर नाही, शंका योग्य ठिकाणी पोचवायचं मात्र आहे. तुम्ही लिहिता की पहिली मुलगी बरी आहे असं कळतं. कोणाकडून कळतं, ताई? काकूंकडूनच असेल तर ते कळणं नव्हे. तिला मनात येईल तेव्हा स्वतःच्या फोनवरून बोलता येतं का? तिचं आधार कार्ड तिच्याजवळ आहे का? गावाचं नाव, तालुका, पोस्ट ती सांगू शकते का? दिवाळीला आली होती का? या चारही प्रश्नांची उत्तरं बरी आली तर देवाचे आभार माना आणि तिच्या संसारात नाक खुपसू नका. दुसरीचं मात्र मला बरं वाटत नाही. स्पीकर लावून बोलणारी मुलगी खरं बोलत नसते.

तिकडे इतक्या लांबून मुली का न्याव्या लागतात, हे ग्रामसभेत कोणी विचारलं तर सांगा. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या, राजस्थानात ८८८. पोटातच मुली मारल्या, आता सुना हव्यात, म्हणून जिथे गरिबी आहे तिथून आणायच्या. हरियाणात अशा बायकांना ‘पारो’ किंवा ‘मोलकी’ म्हणतात. मोलकी म्हणजे मोल देऊन आणलेली. या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आणि आपण त्यांच्याकडे बोट दाखवताना हेही लक्षात असू द्या की त्याच वर्षी महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता.

गावाच्या नावाबद्दल. ही भीती मी हलक्यात घेत नाही. लहान गावात नाव हीच पुंजी असते. पण मला सांगा, गावाचं नाव तक्रारीने जातं की दलालांच्या वहीत नोंदलं गेल्याने जातं? तीन मुली सहज मिळाल्या, कोणी घर पाहायला आलं नाही, कोणी मूळ घेऊन आलं नाही, कोणी विचारलं नाही, ही खबर त्या बाजारात केव्हाच पोचली आहे. चौथीचं बोलणं त्यामुळेच आलं. शिवाय तक्रार करायची म्हणजे चौकात लाऊडस्पीकर लावायचा असं नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीची आणि बालकाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे. ग्रामसभेत एकाही मुलीचं नाव निघता कामा नये, आणि अध्यक्ष म्हणून ते तुम्हालाच सांभाळायचं आहे.

काकूंपाशी जाऊन आत्ताच "तुम्ही काय केलं?" असं विचारू नका. तुम्ही विचाराल, त्या रडतील किंवा भांडतील, आणि रात्री तिकडे फोन जाईल. तिसरी मुलगी दुसऱ्या गावी हलवली जाईल. आधी पोलीस, मग काकू. मला वाटतं त्या या साखळीतली शेवटची, सगळ्यात स्वस्त कडी असाव्यात. एका लग्नामागे काही हजार मिळत असतील आणि आपण पुण्यच करतोय असं त्या स्वतःला सांगतही असतील. अशा बाया मी पाहिल्या आहेत. वरचा माणूस कधी गावात येतच नाही; गावात येतं ते ओळखीचं तोंड. म्हणून "अनोळखी माणसापासून सावध" असे फलक लावून फार काही साधत नाही. काकूंना किती ठाऊक होतं ते तपासात येईल. खरं बोलल्या आणि पत्ते दिले तर त्यांचंही भलं होईल, पण तो सौदा तुम्ही करू नका. मात्र आज रात्री नवऱ्याला सगळं सांगा. त्यांना बाहेरून कळलं तर ते काकूंच्या बाजूला जातील. तुमच्याकडून कळलं तर निदान मध्ये उभे राहतील. घरातला ताण यातून कमी होईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

आता चौथी. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळ कुठेच नाही: तिला काय हवंय? १९ वर्षांची, मतदार यादीत नाव असलेली मुलगी आहे ती. तिला भेटा, रोवणीच्या बायांत, नळावर, कुठेही, पण तिच्या घरात नको. तिला हे लग्न करायचं असेलही. कर्ज आणि घरातली रडारड रोज बघणाऱ्या मुलीला लांबचं लग्न ही सुटका वाटू शकते. तसं असेल तर तिला अडवायचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मला. मग म्हणा, "कर, पण आधी घर पाहू." गावातली चार माणसं, त्यात दोन बाया, मुलाच्या गावी जातील. ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाने, वर्गणी काढावी, स्लीपरची तिकिटं काही लाखांची नसतात. तिथल्या सरपंचाला भेटावं, शेजाऱ्याला भेटावं, मुलाची आधीची बायको आहे का ते विचारावं. मग लग्न आपल्याच गावात व्हावं आणि मुलगी गाडीत बसण्याआधी त्याची नोंदणी व्हावी. गावात विवाह निबंधक कोण असतो? ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी. नवऱ्या मुलाचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार. स्टॅम्पपेपरवरचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र म्हणजे विवाह नोंदणी नव्हे, हे गावात दहा वेळा सांगा, कारण नेमका तोच कागद दाखवून आईबापांची समजूत काढली जाते. ज्यांचा हेतू सरळ आहे ते या सगळ्याला थांबतील. बाकीचे "मुहूर्त टळतो" म्हणत निघून जातील आणि तुमचं काम आपोआप होईल.

तिला नको असेल आणि तरी रेटलं जात असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन, आणि संकटातल्या बायांना मदत करणारं जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. गोंदिया, बल्लारशा, नागपूर यांपैकी कुठून गाडी धरणार हे कळलं तर रेल्वेच्या १३९ वर कळवा. रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन आहट’ नावाची मोहीम याच कामासाठी आहे.

तिच्या बापाला लोभी ठरवून मोकळं होऊ नका. हप्ता वसूल करणारा माणूस दर आठवड्याला दारात बसतो, तो बसलेला असताना समोरून कोणी "एक रुपया नको, वर आम्हीच देतो" म्हणत आलं तर काय होतं, याचा विचार करा. त्या घराला रोजगार हमीचं काम मागून द्या. रोजगार सेवकाकडे मागणीचा नमुना ४ भरला का, ते बघा. बचत गटातून त्यांच्या हप्त्याचं काही जमतं का, ते ग्रामसंघात बोला. मुलीचं लग्न इथेच, साधेपणाने करायचं असेल तर शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी राज्याची शुभमंगल विवाह योजना आहे, महिला व बालविकास विभागात अर्ज करता येतो. बारावी झालेली मुलगी नागपूरकडे काम करायला तयार असेल तर तोही रस्ता आहे. आणि नेमका तोच रस्ता तुमचे सदस्य बंद करायला निघाले आहेत!

हा ठराव मांडू नका, ताई. कुठल्याही ग्रामसभेला तो अधिकारच नाही. देशात कुठेही फिरण्याचं, राहण्याचं, काम करण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या १९ व्या कलमाने त्या मुलींना दिलेलं आहे. पण कायदा बाजूला ठेवून नुसतं बघितलं तरी, हा ठराव तीन वर्षांपूर्वी झाला असता तर तुमच्या तिघींपैकी कोण वाचली असती? कोणीच नाही. एकही मुलगी कामाला जाताना हरवली नाही, मोबाईलवरच्या कोणाबरोबर पळाली नाही. तिघी मांडवातून गेल्या, हळद लागून, गावासमोर. बंदीमुळे उलट होईल. कामाला जाता येत नाही म्हणून लवकर लग्न, आणि ज्या तरी जातील त्या लपून जातील. लपून गेलेली मुलगी संकटात घरी फोन करत नाही, कारण आधीच गुन्हेगार ठरलेली असते. मोबाईल काढून घेणं तर उलटंच आहे. तिसरीच्या हातात आज स्वतःचा मोबाईल असता तर?

याच्याऐवजी जाण्याची नोंद ठेवायचा ठराव घ्या, आणि ती फक्त मुलींची नको. तुमच्या भागातली माणसं माघ-फाल्गुनात मिरची तोडायला तेलंगणात खम्मम, वरंगलकडे जातात. पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून जातात, मुकादमाची उचल घेऊन जातात, लेकरं सोबत नेतात. त्यातल्या कोणाला उचल फिटेपर्यंत तिथून निघू दिलं नाही, मजुरी अडवली, तर तीही माणसाची विक्रीच आहे. १९७६ च्या कायद्याने तिला वेठबिगारी म्हटलं आहे आणि सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. मेळघाटातून वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं, बुलडाण्याकडून कोयत्यावर जाणाऱ्यांचं हेच. एक साधी वही करा: कोण गेलं, कोणासोबत, मुकादमाचा नंबर, गाडीचा नंबर आणि तिचा फोटो, कुठल्या गावी, मालक कोण, परत कधी. ही वही ग्रामसंघाच्या बायांकडे असू द्या, पारावर नको. नाहीतर चार दिवसांत ती मुलींवर पाळत ठेवायची वही होईल. नोंद ऐच्छिक ठेवा. आठवड्याला एक फोन जावा, तो आशाताईने करावा किंवा गटाच्या सीआरपीने, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच ताईने.

जाणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की गडी, घरचा एक नंबर तोंडपाठ असावा, कारण अडचणीत पहिल्यांदा फोनच काढून घेतला जातो. आधारची झेरॉक्स घरी राहावी. आणि घरच्यांशी एक खुणेचं वाक्य ठरलेलं असावं. "आपली कपिला व्याली का?" असं विचारलं आणि घरात गायच नसली, तर आईला कळलं पाहिजे की स्पीकर लावलेला आहे. दुसऱ्या मुलीच्या आईला हे आता सांगून उपयोग नाही; पण पुढच्यांना सांगा.

सरकारी पाट्या तुमच्या गावात आहेतच, त्यांच्यावरची धूळ झाडायची आहे. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असेल. सरपंच म्हणून अध्यक्ष तुम्ही. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा सोबत. तिची शेवटची बैठक कधी झाली? महिन्याला एकदा बसा आणि एकच प्रश्न विचारा: या महिन्यात शाळेतून, अंगणवाडीतून कोण दिसेनासं झालं? ग्रामसेवक गावचे बालविवाह प्रतिबंध अधिकारीही आहेत, हे त्यांना कधीकधी आठवण करून द्यावं लागतं. मिरचीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह मिळतं का, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. लेकरं सोबत जाणारच असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. लहान गावात ते फार भरत नाहीत, पण १०९८ (मुलांची हेल्पलाइन), ११२ आणि १८१ हे तीन नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवायला पुरतात. पेसा गावांतल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या) वाचकांसाठी एक सांगते: तुमच्या टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर ही वही टोल्यातच ठेवा, गटग्रामपंचायतीच्या भरवशावर राहू नका.

२६ जानेवारीच्या आधी महिला ग्रामसभा होते. हा विषय आधी तिथे आणा, दारं लावून, बायाबायांत. सदस्यांचा ठराव तिथेच पडू द्या. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्या उभ्या राहणार नाही. याच मुलखातल्या बाया रस्त्यावर उतरल्या म्हणून १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा तुम्हाला पाठ असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. सरकार आपण असू तर जयपूरच्या पुढं कुठंतरी असलेली ती मुलगी आपलीच नागरिक आहे, आणि तिचा शोध ही गावाची जबाबदारी आहे, एकट्या आईची नाही.

ती सापडेल तेव्हा एकटी नसेलही. कडेवर लेकरू असेल. परत यायचं की नाही हे तीच सांगेल, आणि "लेकराला सोडून कशी येऊ?" असंही म्हणेल. सोबत जाणाऱ्या पोलिसांबरोबर आईला किंवा भावाला पाठवा, वर्दी बघून ती बोलणार नाही. आली तर पहिल्या दिवसापासून गाव विचारायला लागेल: पैसे परत केले का, नवऱ्याने टाकली का, लेकरू कोणाचं. यासाठी आत्तापासून दोन-तीन बाया तयार ठेवा, ज्या तिच्या ओट्यावर नुसत्या येऊन बसतील आणि काही विचारणार नाहीत. बारावीचा राहिलेला अर्ज भरायला तिच्यासोबत तालुक्याला कोणी जाईल का, तेही बघून ठेवा. आणि एक बारीक काम आहे. मुलगी लग्न होऊन गेली की आपण घाईने रेशनकार्डातून तिचं नाव कमी करतो. तिसरीचं नाव तिच्या आईच्या कार्डावर अजून आहे का, तेवढं याच आठवड्यात पाहून घ्या. असेल तर राहू द्या.